पदवीच्या उंबरठ्यावरचा निबंध

वाचकहो, वकिलाचे चित्र डोळ्यांपुढे आणा म्हटले, तर आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काळा डगला घालून न्यायाधीशांसमोर आवेशाने बोलणारी एखादी व्यक्ती उभी राहील. नाटकांनी आणि चित्रपटांनी हे चित्र आपल्या मनावर पक्के ठसविले आहे. वकिली हा जिभेचा व्यवसाय आहे, ज्याला बोलता येते त्याने वकील व्हावे, असे आपण घराघरांत सहज म्हणतो. चुरचुरीत उत्तरे देणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वडीलधारी माणसे कौतुकाने किंवा रागाने ‘हा पुढे वकील होणार’ असेच म्हणतात ना?

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. वकिलाच्या कामाचा फार मोठा भाग लेखणीने होतो. नोटीस, वादपत्र, कैफियत, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, खरेदीखत, मृत्युपत्र, अशिलाला दिलेला लेखी सल्ला, वरिष्ठ न्यायालयातील लेखी युक्तिवाद, ही सारी लिहिण्याची कामे होत. न्यायालयात उच्चारलेला शब्द हवेत विरतो. कागदावर लिहिलेला शब्द मात्र वीस वर्षांनीही साक्ष द्यायला उभा राहतो. एखाद्या मृत्युपत्रात ‘माझी मुले’ असे लिहिले, तर त्यात मुलीही आल्या की केवळ मुलगेच? लिहिणाऱ्याच्या मनात जे स्वच्छ होते ते कागदावर स्वच्छ उतरले नाही, म्हणजे भावाबहिणींचे बोलणे तुटते आणि एका शब्दाचा अर्थ लावण्यात दोन पिढ्यांची मिळकत खर्ची पडते. वकिलाच्या कच्च्या लेखणीची किंमत वकील देत नाही; ती त्याचा अशील देतो.

म्हणूनच कायद्याच्या विद्यार्थ्याला लिहिणे कसे शिकवावे, हा प्रश्न केवळ प्राध्यापकांच्या चर्चेचा नाही. तो आपल्या सर्वांच्या हिताचा आहे. या प्रश्नाला अमेरिकेतील कायद्याच्या महाविद्यालयांनी जे उत्तर दिले आहे, त्याचा परिचय आपणांस करून द्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेत कायद्याचे शिक्षण पदवीनंतर सुरू होते. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुरा करावा, मग तीन वर्षे कायद्याच्या महाविद्यालयात काढावी आणि ‘ज्यूरिस डॉक्टर’ ही पदवी घ्यावी, असा तेथील सर्वसाधारण क्रम आहे. या शिक्षणाला आजचे रूप देण्याचे बरेचसे श्रेय क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल यांना दिले जाते. १८७० साली ते हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदा विभागाचे प्रमुख झाले. नियम पाठ करवून घेण्याऐवजी न्यायालयांचे प्रत्यक्ष निकाल विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत आणि त्यांतून नियम शोधायला लावावेत, ही त्यांची पद्धत. तिचा पुढे देशभर प्रसार झाला. वर्गात प्रश्नोत्तरे आणि अखेरीस लेखी परीक्षा, अशी घडी त्यामुळे बसली.

परंतु परीक्षेतील लेखन आणि वकिलाचे लेखन यांत मोठे अंतर आहे. परीक्षेत प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो, घटना दुसऱ्याने रचलेल्या असतात आणि तीन-चार तासांत हाती लागेल ते उत्तर लिहून मोकळे व्हायचे असते. लिहिलेल्या वाक्याकडे पुन्हा वळून पाहायला तेथे सवड कोठली? उलट वकिलाच्या मेजावर येणारा अशील आपल्याबरोबर प्रश्न लिहून आणीत नाही. तो आपली हकीकत घेऊन येतो. त्या हकीकतीत कायद्याचा प्रश्न नेमका कोठे दडला आहे, हे वकिलालाच शोधावे लागते. मग वाचावे लागते, विरुद्ध बाजू काय म्हणेल याचा विचार करावा लागतो, आणि लिहिलेले पुनःपुन्हा तपासावे लागते.

ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने महाविद्यालयांना मान्यता देण्याच्या नियमांत लेखनाची अट घातली. २०१४ साली सुधारलेल्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी एक, आणि पहिल्या वर्षानंतर निदान आणखी एक, असे लेखनाचे काम अध्यापकाच्या देखरेखीखाली करावे लागते. विद्यार्थ्याने काय व किती लिहिले, अध्यापकाने प्रत्येकाच्या लेखनाची स्वतंत्र तपासणी कशी केली आणि विद्यार्थ्याने किती मसुदे केले, या गोष्टींवरून त्या कामाचा कस पाहावा, असे त्या नियमांच्या स्पष्टीकरणात सांगितले आहे. शेवटची गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. पाने किती झाली यापेक्षा ती किती वेळा पुन्हा लिहिली, याला तेथे मोल आहे.

पहिल्या वर्षीचे काम साधे असते. कार्यालयातील वरिष्ठांसाठी टिपण कसे करावे, न्यायालयापुढे मांडावयाचा लेखी युक्तिवाद कसा रचावा, निकालांचे दाखले कसे द्यावेत, हे तेव्हा शिकवितात. पुढच्या वर्षांतील काम मात्र खरे कसोटीचे. प्रत्येक महाविद्यालय त्याचे नियम आपापल्या परीने ठरविते. वॉशिंग्टन येथील जॉर्जटाउन विद्यापीठात तळटिपा सोडून ६,००० शब्दांच्या निबंधाची अपेक्षा असते. आधी आराखडा, मग पहिला मसुदा आणि त्यानंतर अंतिम निबंध, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. येल विद्यापीठात तर अशी दोन कामे पुरी केल्यावाचून पदवी मिळत नाही. कोठे संशोधनपर निबंध मागतात, तर कोठे एखादा विस्तृत लेखी युक्तिवादही चालतो. तपशील निरनिराळे, पण मुद्दा एकच. विद्यार्थ्याने स्वतः एक प्रश्न निवडावा आणि त्याच्या उत्तराची जबाबदारी स्वतः घ्यावी.

हे काम कसे चालते, तेही थोडक्यात पाहू. विद्यार्थी प्रथम एखादे विस्तीर्ण क्षेत्र घेऊन अध्यापकाकडे जातो. ‘मला स्त्रियांच्या हक्कांवर लिहावयाचे आहे,’ असे तो सांगतो. अध्यापक म्हणतो, ‘हा विषय झाला, तुझा प्रश्न कोणता?’ विषय आणि प्रश्न यांतील हा फरक उमजण्यातच अनेकांचे कित्येक आठवडे जातात. प्रश्न सापडला, की त्यावर आधी कोणी नेमके हेच लिहून ठेवले आहे काय, याचा शोध घ्यावा लागतो; कारण दुसऱ्याने दळलेले पुन्हा दळण्यात अर्थ नाही. नंतर निकाल, कायदे, समित्यांचे अहवाल आणि विद्वानांचे लेख यांचे वाचन होते. मग आराखडा, मग पहिला मसुदा. हा पहिला मसुदा अध्यापकाकडून परत येतो, तेव्हा त्याच्या समासात प्रश्नचिन्हांची दाटी झालेली असते. ‘हे कशावरून?’ ‘याच्या विरुद्ध निकाल आहे, तो का टाळला?’ ‘या वाक्याचे दोन अर्थ होतात.’ विद्यार्थ्याचा अहंकार येथे दुखावतो, आणि त्याचे खरे शिक्षणही येथेच सुरू होते.

आता आपण विचाराल, की विद्यार्थ्याच्या असल्या निबंधाला जगात कोण विचारतो? गुण मिळाले, पदवी मिळाली, निबंध कपाटात गेला. बहुतेक निबंधांचे असेच होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एका निबंधाची हकीकत अशी आहे, की ती वाचल्यावर हा प्रश्न आपण पुन्हा इतक्या सहजपणे विचारणार नाही.

पॉली मरे यांचा जन्म १९१० साली बॉल्टिमोर शहरी झाला आणि बालपण उत्तर कॅरोलिना राज्यातील डरहॅम गावी नातेवाइकांच्या घरी गेले. त्या कृष्णवर्णीय होत्या. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत शाळा, बसगाड्या, उपाहारगृहे, इतकेच नव्हे तर पिण्याच्या पाण्याचे नळही गोऱ्यांचे निराळे आणि काळ्यांचे निराळे असत. १९३८ साली उत्तर कॅरोलिना विद्यापीठाने त्यांचा पदव्युत्तर शिक्षणासाठीचा अर्ज केवळ वर्णाच्या कारणावरून नाकारला. १९४० साली व्हर्जिनियातील पीटर्सबर्ग येथे बसमधील वेगळ्या आसनांच्या प्रकरणात त्यांना अटक झाली. महात्मा गांधींच्या सत्याग्रहाचा त्यांनी अभ्यास केला होता, आणि तुरुंगातील वागणुकीला तोंड देताना त्यांनी त्या मार्गाचा अवलंब करण्याचा प्रयत्न केला, ही गोष्ट आपणां भारतीयांना जवळची वाटावी अशी आहे. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९४१ साली, वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी कायद्याच्या अभ्यासाला आरंभ केला. कृष्णवर्णीयांच्या उच्च शिक्षणाचे हे मोठे केंद्र होते. परंतु आपल्या वर्गात मरे या एकट्याच स्त्री होत्या.

वर्णभेदाच्या साऱ्या इमारतीचा कायदेशीर पाया एका निकालात होता. १८९६ साली ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले होते, की दोन वर्णांच्या लोकांची सोय वेगवेगळी केली तरी ती समान असेल, तर राज्यघटनेतील समतेचा भंग होत नाही. ‘वेगळे परंतु समान’ या नावाने हे तत्त्व प्रसिद्ध आहे. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी तेवढे या निकालाविरुद्ध आपले मत नोंदविले होते. कृष्णवर्णीयांची बाजू लढविणाऱ्या वकिलांनी बराच काळ सावध धोरण ठेवले. तत्त्वाला हात न लावता, ‘सोय वेगळी आहे, पण ती समान कोठे आहे?’ असे विचारून ते एकेक खटला जिंकीत. १९३८ सालच्या मिसूरीतील गेन्स खटल्यात याच मार्गाने यश आले होते. हे धोरण चुकीचे होते असे नाही. समोर पर्वत असता वाट काढणारा माणूस वळसा घालणारच.

मरे यांनी मात्र अखेरच्या वर्षी वर्गात निराळीच गोष्ट मांडली. ‘समान’ या शब्दावर वाद घालीत बसण्याऐवजी ‘वेगळे’ या शब्दावरच हल्ला का करू नये, असे त्यांनी विचारले. सहाध्यायी हसले. प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनाही ती कल्पना पटली नाही. तेव्हा मरे यांनी त्यांच्याशी १० डॉलरची पैज लावली, की प्लेसीचा निकाल २५ वर्षांच्या आत रद्द ठरेल. आणि त्या नुसती पैज लावून थांबल्या नाहीत. तोच प्रश्न त्यांनी आपल्या अखेरच्या निबंधासाठी घेतला. प्लेसीचा निकाल रद्द करावा काय, असा त्या निबंधाचा सरळ प्रश्न होता.

त्यांच्यापुढची अडचण उघड होती. न्यायालयीन दाखले त्यांच्या बाजूचे नव्हते. असते तर प्रश्नच उरला नसता. म्हणून त्यांनी राज्यघटनेच्या १३ व्या आणि १४ व्या दुरुस्तीचा हेतू पुन्हा तपासला आणि मानसशास्त्राचा व समाजशास्त्राचा आधार घेतला. माणसाला सक्तीने वेगळे ठेवणे हेच त्याला हीन ठरविणे होय, मग त्याची आसने कितीही मऊ असोत, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. १९४४ साली निबंध लिहून झाला, रॉबिन्सन यांच्याकडे गेला, आणि मरे पदवीधर झाल्या. वर्गात त्यांचा क्रमांक पहिला होता. अशा विद्यार्थ्याने शिष्यवृत्ती घेऊन हार्वर्डला पुढील अभ्यास करावा, असा प्रघात होता. परंतु हार्वर्डचा कायदा विभाग तेव्हा स्त्रियांना प्रवेशच देत नसे. पहिल्या वेळी वर्ण आड आला होता, आता स्त्रीत्व आड आले.

पुढे दहा वर्षांनी, १७ मे १९५४ रोजी, ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला, की सार्वजनिक शिक्षणात ‘वेगळे परंतु समान’ या तत्त्वाला स्थान नाही. थरगुड मार्शल यांच्या नेतृत्वाखाली लढणाऱ्या वकिलांच्या तुकडीत स्पॉट्सवुड रॉबिन्सनही होते. १९६३ साली मरे हॉवर्डला गेल्या असता त्यांना रॉबिन्सन यांच्याकडून समजले, की १९५३ साली त्या खटल्याची तयारी चालू असताना त्यांनी मरे यांचा तो जुना निबंध बाहेर काढला होता आणि सहकाऱ्यांबरोबर त्याचा उपयोग केला होता. तोवर मरे यांना याची गंधवार्ताही नव्हती.

एका विद्यार्थिनीच्या निबंधाने तो निकाल लागला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्यामागे अनेक वकिलांचे, अनेक वर्षांचे परिश्रम होते; आपल्या मुलांची नावे वादपत्रात घालण्याचे धैर्य दाखविणारे आईबाप होते; अभ्यासकांचे संशोधन होते. परंतु ज्या दिवशी वळसा सोडून सरळ चढाई करण्याची वेळ आली, त्या दिवशी त्या वाटेचा नकाशा एका कपाटात दहा वर्षे तयार पडला होता, ही गोष्ट खोटी नाही. तो तेथे होता, याची कारणे दोन. एका विद्यार्थिनीला तो लिहावासा वाटला, आणि ज्या अध्यापकाला तो पटला नव्हता त्यानेही तो जपून ठेवला.

मरे यांची लेखणी पुढेही थांबली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी पुढील पदवीसाठी नोकरीतील समान संधीच्या हक्कावर जे लिहिले, ते १९४५ साली तेथील कायदेविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९५१ साली त्यांनी निरनिराळ्या राज्यांतील वर्णविषयक कायद्यांचा प्रचंड संग्रह सिद्ध केला. तो वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या वकिलांच्या नित्य उपयोगाचा ग्रंथ ठरला. १९६५ साली येल विद्यापीठाची कायद्यातील डॉक्टरेट त्यांना मिळाली. त्याच वर्षी मेरी ईस्टवुड यांच्यासमवेत लिहिलेल्या लेखात त्यांनी वर्णभेद आणि स्त्रियांबाबतचा भेद यांतील साम्य दाखविले. १९७१ साली ‘रीड विरुद्ध रीड’ या खटल्यात स्त्रियांच्या समतेसाठी लेखी युक्तिवाद सादर करताना रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी मरे यांचे नाव लेखकांत घातले; ज्यांच्या विचारांवर आपण उभ्या आहोत त्यांचे ऋण मानण्याची ती रीत होती. याच गिन्सबर्ग पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती झाल्या.

वाचकहो, ही हकीकत सांगण्यात प्रत्येक विद्यार्थ्याचा निबंध इतिहास घडवील, असे सुचविण्याचा उद्देश नाही. हजारांतील नऊशे नव्याण्णव निबंध कोणीही पुन्हा उघडणार नाही. परंतु ज्या माणसाने एकदा तरी स्वतःचा प्रश्न स्वतः शोधला, विरुद्ध बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे प्रामाणिकपणे मांडले आणि लिहिलेले पाचदा पुसून सहाव्यांदा लिहिले, त्याच्या हातून पुढे होणारे खरेदीखतही निराळे होते. निबंध कपाटात राहतो. लिहिण्याची ती सवय लिहिणाऱ्याबरोबर कचेरीत जाते.

या अटीवर आक्षेप घेतले जात नाहीत असे नाही, आणि ते ऐकून घेणे योग्य होईल. लहान गावात कौटुंबिक दाव्यांत वकिली करणाऱ्याला ६,००० शब्दांच्या विद्वत्तापूर्ण निबंधाचा काय उपयोग, असे काहीजण विचारतात. नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यावर हा जादा भार पडतो, हेही खरे आहे. शिवाय एका अध्यापकाच्या माथी पन्नास निबंध मारले, तर समासातील त्या प्रश्नचिन्हांना अवसर कोठून मिळणार? हा शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. देखरेखीवाचून लिहिलेला निबंध म्हणजे गुरूवाचून केलेला रियाज. त्यात चुकाच पक्क्या होण्याचे भय अधिक. म्हणून लेखनाची सक्ती करावयाची, तर वाचणाऱ्या अध्यापकाला वेळ देणे ही त्याच सक्तीची दुसरी बाजू मानली पाहिजे.

अलीकडे आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. संगणकाला चार ओळींत विषय सांगितला, की तो क्षणार्धात सुबक निबंध लिहून देतो. मग विद्यार्थ्याने रात्री का जागवाव्यात? याचे उत्तर न्यूयॉर्कच्या एका संघीय न्यायालयाने २०२३ सालच्या जून महिन्यात दिले आहे. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी अशा यंत्राकडून मिळालेले दाखले आपल्या लेखी निवेदनात घातले होते. त्यांपैकी अनेक निकाल कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेलेच नव्हते. यंत्राने ते रचले होते. न्यायाधीशांनी त्या वकिलांना व त्यांच्या कचेरीला ५,००० डॉलरचा दंड केला. यंत्राची मदत घेणे हा अपराध नव्हे. पण कागदाखाली ज्याची सही, त्याने त्यातील प्रत्येक ओळीला जबाबदार राहिले पाहिजे. आणि जबाबदारी म्हणजे काय, हे ज्याने स्वतः एकही ओळ झगडून लिहिली नाही, त्याला कसे कळावे?

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय वकील परिषदेच्या २००८ सालच्या कायदा शिक्षणविषयक नियमांत मसुदालेखनाचा विषय सर्वांना सक्तीचा आहे. दाव्यातील लेखनाचे निदान १५ आणि दस्तऐवजांच्या लेखनाचे निदान १५ असे पाठ विद्यार्थ्याने करावेत. त्यांना ४५ आणि ४५ गुण असावेत आणि उरलेले १० गुण तोंडी परीक्षेला असावेत, अशी त्यात योजना आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयासारख्या संस्थांत विषयवार प्रकल्पलेखनाची प्रथा आहे, आणि एलएल. एम. पदवीसाठी प्रबंध लिहावा लागतो. म्हणजे कागदावर आपली व्यवस्था अगदीच उणी नाही.

उणे पडते ते अन्यत्र. हे पाठ स्वतः विचार करून लिहावयाचे, की आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही आणून आदल्या रात्री उतरून काढावयाचे? कोणत्याही महाविद्यालयाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात क्षणभर उभे राहिले, तर याचे उत्तर मिळेल. उतरून काढलेल्या तीस मसुद्यांपेक्षा स्वतः लिहिलेला, अध्यापकाने दुरुस्त केलेला आणि पुन्हा लिहिलेला एकच मसुदा अधिक शिकवितो. तीस हा आकडा नियमाने घालून देता येतो. दुसऱ्यांदा लिहिण्याची इच्छा मात्र नियमाने उत्पन्न करता येत नाही. ती विद्यार्थ्याच्या ठायी असावी लागते, आणि घराने तिला जोपासावे लागते.

आपला मुलगा, मुलगी, भाचा किंवा पुतणी कायद्याचा अभ्यास करीत असेल, तर आपणही या कामी साहाय्य करू शकता. त्यासाठी कायदा ठाऊक असण्याची मुळीच गरज नाही. निबंधाचे किंवा प्रकल्पाचे काम सुरू झाले, की जेवताना एवढेच विचारावे, ‘तुझा प्रश्न एका वाक्यात सांग पाहू.’ ते वाक्य घरातल्या आजीला समजले नाही, तर लिहिणाऱ्यालाही तो प्रश्न अद्याप पुरता समजलेला नाही, असे खुशाल मानावे. दुसरे विचारावे, ‘तुझ्या विरुद्ध बाजूचा शहाणा माणूस काय म्हणेल?’ जो विद्यार्थी याचे उत्तर चिडून देतो, त्याचे वाचन अपुरे आहे. जो शांतपणे देतो, तो वकील होण्याच्या मार्गावर आहे. आणि तिसरे, पहिला मसुदा वाचून ‘छान आहे’ असे म्हणण्याची घाई करू नये. समजले नाही तेथे पेन्सिलीने लहानशी खूण करावी. प्रेमाने केलेली ती खूण पुढे एखाद्या अशिलाचे घर वाचवील.

विद्यार्थ्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. विषय शोधण्यासाठी फार दूर जाऊ नका. मरे यांनी आपला प्रश्न ग्रंथालयात शोधला नाही. ज्या बसमधून त्यांना उतरविले होते, त्या बसमध्ये तो त्यांना भेटला होता. आपल्या भोवतीही असे प्रश्न थोडे नाहीत. गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव नसलेली बहीण, करारपत्राशिवाय वर्षानुवर्षे काम करणारी मोलकरीण, परप्रांतात मजुरीला गेलेल्याचा शिधापत्रिकेवरील हक्क, यांतील कोणताही एक प्रश्न घ्या. तो अरुंद करा. इतका अरुंद, की त्याच्या तळापर्यंत तुम्हांला पोहोचता येईल. लवकर आरंभ करा, कारण दुसरा मसुदा हाच खरा मसुदा असतो आणि उशिरा आरंभ करणाऱ्याच्या नशिबी तो नसतो. आणि सर्वांनी वेड्यात काढले तरी, आधार भक्कम असतील, तर आपले म्हणणे नेमस्त शब्दांत कागदावर उतरवून ठेवा.

पॉली मरे १९८५ साली निवर्तल्या. त्यांनी १० डॉलरची पैज २५ वर्षांची मुदत देऊन लावली होती. ती दहाच वर्षांत जिंकली. परंतु त्या १० डॉलरांचे पुढे काय झाले, यापेक्षा त्या निबंधाचे काय झाले, हेच आपण लक्षात ठेवावे. यंदा आपल्या घरातील विद्यार्थी पदवीपूर्वीचा निबंध लिहावयास बसेल, तेव्हा ‘एवढे लिहून उपयोग काय?’ असे तो विचारील. त्याला ही हकीकत सांगा, आणि त्याच्या मेजावरचा दिवा थोडा वेळ अधिक जळू द्या.